नवी कुपी आणि जुनी त्वचा

प्रयोगशाळेंतील शोध दुकानाच्या फळीवर येण्यास पूर्वीं एक पिढी लागत असे. मधल्या काळांत विद्वानांचे वाद होत, चुकीचें तें गळून पडे, आणि जें टिके तेंच गृहस्थाच्या दारीं येई. आतां हा अवधि फार आखूड झाला आहे. विद्वानांचा वाद अजून चालू असतो, आणि त्या वादाचा विषय कुपींत भरला जाऊन आपल्या घरच्या आरशासमोर येऊन उभाही राहतो. अशाच एका कुपीविषयीं ह्या महिन्यांत लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिच्यावर 'एक्झोसोम' हा शब्द छापलेला असतो. ती बहुधा कोरियाहून आलेली असते. आणि सुरकुत्या, वण, डाग, सैल पडलेली त्वचा ह्या सर्वांवर ती उपाय आहे, असें तिच्या जाहिरातींत म्हटलेलें असतें.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों तें केवळ कुतूहलानें नव्हे. आजकाल लग्न ठरलें म्हणजे शालू व दागिने ह्यांच्या यादीबरोबर मुलीच्या चेहऱ्यावर करावयाच्या उपचारांचीही एक यादी तयार होते, व तींत ह्या कुपीचें नांव आतां दिसूं लागलें आहे. एका बैठकीस हजारों रुपये पडतात, आणि अशा बैठका तीन-चार तरी घ्याव्या लागतील असें सांगण्यांत येतें. मग घरांत दोन पक्ष होतात. एक पक्ष म्हणतो, "हें शास्त्रीय आहे." दुसरा म्हणतो, "आमच्या वेळीं हें नव्हतें." ह्या दोन्ही वाक्यांनीं कोणत्याच प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. शास्त्रीय म्हणजे काय, तें कोणत्या मर्यादेपर्यंत सिद्ध झालें आहे, आणि त्यापलीकडे काय केवळ आशेवर विकलें जात आहे, हें पाहिल्याखेरीज घरच्या वडील मंडळींनीं होकार देऊं नये व नकारही देऊं नये, असें आमचें मत आहे.

प्रथम एक्झोसोम म्हणजे काय तें पाहूं. हें नांव ग्रीक भाषेंतील 'बाहेर' व 'देह' ह्या अर्थाच्या दोन शब्दांवरून घडविलें आहे. आपलें शरीर ज्या असंख्य पेशींचें बनलेलें आहे, त्या पेशी आपल्या अंतरंगांतून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडीत असतात. त्या पिशव्यांनाच एक्झोसोम म्हणतात. अशा पिशवीचा व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर असतो. मनुष्याचा केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, ह्यावरून वाचकांस तिच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. शंभर नॅनोमीटरच्या आठशें पिशव्या एका ओळींत मांडाव्या, तेव्हां कोठें एका केसाची रुंदी भरावयाची!

ह्या पिशव्यांचा शोध सौंदर्याच्या नादानें लागलेला नाहीं. १९८३ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें मॅकगिल विद्यापीठांत रोझ जॉन्स्टन नांवाच्या विदुषी मेंढीच्या रक्तांतील अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करीत होत्या. त्याच सुमारास अमेरिकेंत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत फिलिप स्टाल व त्यांचे सहकारी उंदरांच्या तशाच पेशी तपाशीत होते. तांबडी पेशी पक्व होऊं लागली म्हणजे लोह आंत ओढून घेण्याचें तिच्या अंगचें साधन तिला नकोसें होतें. तें ती सूक्ष्म पिशव्यांत बांधून बाहेर टाकते, असें दोन्हीकडे दिसून आलें. १९८७ सालीं जॉन्स्टनबाईंनीं ह्या पिशव्यांस एक्झोसोम हें नांव लाविलें. ह्या बाई मूळच्या पोलंडच्या. लहानपणीं त्या कॅनडांत आल्या आणि पुढें मॅकगिलच्या जीवरसायन विभागाच्या पहिल्या स्त्री-प्रमुख झाल्या. परंतु त्या वेळीं त्यांच्या शोधाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. घरांतला केर जसा सुपलींत भरून बाहेर टाकावा, तशी पेशी आपला केर बाहेर टाकते, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळांनीं घेतला.

हा समज पुढील वीस-पंचवीस वर्षांत पालटला. १९९६ सालीं ग्रासा रापोसो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, रोगप्रतिकार करणाऱ्या कांहीं पेशींनीं सोडलेल्या ह्या पिशव्या दुसऱ्या पेशींस जागृत करूं शकतात. २००७ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें याहूनही नवलाची गोष्ट आढळली. तेथील संशोधकांनीं उंदराच्या पेशींतून निघालेल्या पिशव्या माणसाच्या पेशींस दिल्या, तेव्हां माणसाच्या त्या पेशींत उंदराचीं प्रथिनें तयार झालेलीं दिसलीं! पिशवींत केर नव्हता, तींत आर.एन.ए. ह्या द्रव्याच्या रूपानें आज्ञापत्र होतें, आणि ज्या पेशीच्या हातीं तें पडलें तिनें तें वाचून त्याप्रमाणें काम केलें. तेव्हांपासून एक्झोसोमला पेशींचें टपाल म्हणूं लागले. जखम झाली असतां शेजारच्या पेशींस "वाढा, सरका, नवे तंतु विणा" असा निरोप पोंचविण्यांत ह्या टपालाचा वांटा असतो, असें प्रयोगशाळेंतील व जनावरांवरील अनेक प्रयोगांवरून दिसतें. म्हणून हा शोध खरा आहे, मोठा आहे, आणि त्यावर थट्टा करणें अज्ञानाचें होईल.

मात्र टपालाचें महत्त्व पाकिटांत नसून पत्रांत असतें, आणि पत्र कोणीं लिहिलें ह्यावर सर्व अवलंबून असतें. २०१२ सालीं अमेरिकन संशोधकांनीं त्वचेच्या एका घातक कर्करोगाविषयीं असें दाखविलें कीं, त्या रोगाच्या पेशींनीं सोडलेले एक्झोसोम अस्थिमज्जेंतील पेशींसही फितवितात व रोग पसरण्यास मदत करतात. म्हणजे निरोगी पेशीचा निरोप हितकर असला, तरी 'एक्झोसोम' ह्या एका शब्दानें हित ठरत नाहीं. कोणत्या पेशीचे, कोणत्या स्थितींतील, व आंत काय असलेले, हें कळल्याशिवाय तो शब्द कुपीवर असला काय व नसला काय, सारखेंच.

आतां हा शब्द कोरियांत कुपीवर कसा गेला तें पाहूं. कोरियांत प्रसाधनाचा व्यवसाय घरगुती स्त्रियांच्या हातांतून वाढलेला आहे. १९३० च्या दशकांत केसाँग गांवीं युन दोक-जाँग नांवाच्या एक बाई कॅमेलियाच्या बियांचें केसांस लावावयाचें तेल घरीं काढून विकीत असत. तें गांव आज उत्तर कोरियांत आहे. त्यांच्या मुलानें १९४५ सालीं स्थापिलेली पेढी आज 'अमोरपॅसिफिक' ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. २००० सालीं कोरियांत प्रसाधनांचा स्वतंत्र कायदा अमलांत आला आणि त्यांत एक विशेष वर्ग केला गेला. सुरकुत्या कमी करणें, वर्ण उजळणें व उन्हापासून रक्षण करणें, असा गुण जो माल आपल्या अंगीं सांगेल, त्यानें सरकारी खात्यापुढें आपली परीक्षा दिली पाहिजे असें ठरलें. ह्या शिस्तीचा व्यापारास फायदाच झाला. २०२४ सालीं कोरियाची प्रसाधनांची निर्यात १,००० कोटी डॉलर्सच्या वर गेली. आपल्याकडेही कोरियन चित्रमालिका पाहणाऱ्या तरुण मुलींच्या तोंडीं तेथील लेपांचीं व द्रवांचीं नांवें सहज असतात.

ह्या व्यापाराच्या जोडीस त्या देशांत मूलपेशींविषयींचा उत्साह आला. इतर पेशींस जन्म देणाऱ्या ज्या पेशी, त्या मूलपेशी. त्या प्रयोगशाळेंत वाढवितां आल्या तर तुटलेलें शरीर जोडतां येईल, अशी आशा तेथें फार प्रबळ होती. ती किती प्रबळ होती हें एका दुःखद प्रकरणावरून दिसतें. सोल राष्ट्रीय विद्यापीठांतील ह्वांग वू-सुक ह्यांनीं २००४ व २००५ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत मूलपेशींसंबंधीं जे दावे केले, ते बनावट ठरून २००६ च्या जानेवारींत मागें घेतले गेले. आम्हांस येथें त्या गृहस्थांची निंदा करावयाची नाहीं. त्यांचें बिंग कोरियांतीलच वार्ताहरांनीं व तरुण संशोधकांनीं फोडलें, आणि स्वतःच्या राष्ट्राभिमानापुढें पुरावा मोठा मानला, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. तीच कसोटी आज त्या देशांतून येणाऱ्या कुपीस लावली तर त्यांत त्या देशाचा अवमान नाहीं.

मूलपेशी ज्या द्रवांत वाढवितात, त्या द्रवांत त्यांनीं सोडलेल्या पिशव्या साचतात. तो द्रव गाळून, किंवा अतिशय वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घुसळून, त्या पिशव्या वेगळ्या काढतात. मग गोठवून वाळवितात व त्यांची पूड लहान कुप्यांत भरतात. वापरावयाच्या वेळीं ती द्रवांत मिसळावयाची. पेशी कोणाच्या? कांहीं माणसाच्या चरबींतील, कांहीं नाळेच्या अथवा वारेच्या, कांहीं गुलाबासारख्या वनस्पतींच्या. ह्या सर्वांस एकच नांव दिलेलें असतें. पण माणसाच्या चरबींतील पेशीनें लिहिलेलें पत्र आणि गुलाबाच्या पेशीनें लिहिलेलें पत्र हीं एक कशीं असतील? ज्या घरांत पदार्थ कशाचा आहे हें पाहूनच तो आंत घेण्याची चाल आहे, त्या घरांनीं तर हा प्रश्न पहिल्यानें विचारावा. आणखी एक गोष्ट. कुपीवर पुष्कळदां "इतके अब्ज एक्झोसोम" असा आंकडा असतो. परंतु असे कण मोजण्याची जी नेहमींची रीत आहे, तिला एक्झोसोम कोणता व तितक्याच आकाराचा प्रथिनांचा गोळा कोणता हें ओळखतां येत नाहीं. म्हणून ह्या विषयांतील तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था, पुरेसा पुरावा नसतां 'एक्झोसोम' हें नांव न वापरतां 'पेशीबाह्य पुटिका' असें सामान्य नांव वापरावें, असा आग्रह धरते. तज्ज्ञ जो शब्द जपून वापरतात, तोच जाहिरातदार सढळ हातानें वापरतात.

आतां पुराव्याकडे येऊं. पुरावा मुळींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०२० सालीं कोरियन त्वचारोगवैद्यांनीं मुरुमांच्या खड्ड्यांविषयींचा एक चांगला प्रयोग प्रसिद्ध केला. पंचवीस रोग्यांच्या चेहऱ्यांवर दोन्ही बाजूंस लेसर किरणांचा उपचार केला. मग एका बाजूस चरबींतील मूलपेशींचे एक्झोसोम लाविले, व दुसऱ्या बाजूस तसलाच दिसणारा पण एक्झोसोम नसलेला लेप लाविला. कोणत्या बाजूस काय लाविलें आहे हें रोग्यास ठाऊक नव्हतें व तपासणाऱ्यासही ठाऊक नव्हतें. बारा आठवड्यांनंतर खड्ड्यांचें मान एका बाजूस ३२.५ टक्के व दुसऱ्या बाजूस १९.९ टक्के कमी झालेलें आढळलें. हा फरक खरा आहे. परंतु वाचकांनीं ह्यांतील तीन गोष्टी नजरेआड करूं नयेत. रोगी पंचवीस होते. काळ तीन महिन्यांचा होता. आणि जी बाजू कोरी ठेवली होती, तीही केवळ लेसरनें एकपंचमांश सुधारली होती. ह्या प्रयोगावरून, लेसरच्या जखमेवर हा लेप उपयोगी पडूं शकेल, एवढें म्हणतां येतें. धडधाकट चेहऱ्यावर रोज रात्रीं दोन थेंब लाविले असतां म्हातारपण मागें हटेल, असें त्यावरून निघत नाहीं. पण जाहिरातींत पहिलें वाक्य दुसऱ्याच्या साक्षीस उभें केलेलें असतें.

रोज लावावयाच्या द्रवाची मुख्य अडचण आपली त्वचाच आहे. त्वचेचा सर्वांत वरचा जो मृत पेशींचा थर, तो मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतो. पण बाहेरचें आंत न येऊं देणें हेंच त्याचें काम, आणि तें तो चोख बजावतो. कणांचें वजन मोजण्याचें डाल्टन म्हणून एक माप आहे. हायड्रोजनचा एक परमाणु सुमारें एक डाल्टन भरतो. ५०० डाल्टनपेक्षां जड कण धड त्वचेंतून सहसा आंत शिरत नाहींत, असा वैद्यकांत एक ठोकताळा आहे. सुरकुत्यांवर वापरतात तें रेटिनॉल २८६ डाल्टनचें आहे. तें आंत जाऊं शकतें. एक्झोसोमचें वजन कोटींच्या घरांत जातें. म्हणजे सुईच्या नेढ्यांतून हत्ती काढावयाचा! वरून चोळलेल्या द्रवानें त्वचा कांहीं वेळ मऊ व ओलसर वाटते हें खरें. तें काम त्या द्रवांतील इतर स्निग्ध व ओलावा धरणारे पदार्थ करतात, आणि तसले पदार्थ स्वस्त लेपांतही असतात.

ही अडचण व्यापाऱ्यांसही ठाऊक आहे, आणि म्हणूनच सुईचा प्रवेश होतो. सोल शहराच्या गांगनाम भागांत अशा उपचारांचीं दवाखानेवजा दालनें ओळीनें आहेत, आणि तेथील रीत आतां आपल्या शहरांतही आली आहे. बारीक सुयांच्या यंत्रानें अथवा लेसरनें चेहऱ्यावर असंख्य सूक्ष्म छिद्रें पाडावयाचीं व त्यांवर कुपी ओतावयाची. कोठें कोठें तर सरळ पिचकारीनें ती त्वचेंत टोचतात. येथें आमच्या वाचकांनीं पूर्ण सावध व्हावें. लावण्याचा पदार्थ व टोचण्याचा पदार्थ ह्यांच्या शुद्धतेच्या कसोट्या वेगळ्या असतात. जें त्वचेवर निरुपद्रवी असतें, तें त्वचेखालीं गेलें असतां निरुपद्रवी राहीलच असें नाहीं. २०१४ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत तीन स्त्रियांची हकीकत आली होती. सुयांच्या उपचारानंतर त्यांच्या चेहऱ्यांवर कठीण गांठी उठल्या. त्यांपैकीं दोघींच्या चेहऱ्यांवर सुयांबरोबर जें द्रव्य लाविलें होतें तें 'क' जीवनसत्त्वाचें एक साधें प्रसाधन होतें. मग ज्या पदार्थाचा मूळ पेशीदाता कोण हेंही आपणांस ठाऊक नाहीं, त्याविषयीं किती जपलें पाहिजे!

निरनिराळ्या देशांच्या सरकारांनीं ह्याविषयीं काय ठरविलें आहे तेंही बोलकें आहे. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१९ च्या डिसेंबरांत जाहीर इशारा दिला. नेब्रास्का राज्यांत एक्झोसोमच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या, मान्यता नसलेल्या पदार्थांनीं कांहीं रुग्णांस गंभीर अपाय झाला होता. मान्यता दिलेला एकही एक्झोसोम पदार्थ नाहीं, असें त्या खात्यानें तेव्हां स्पष्ट सांगितलें, आणि पुढील पांच वर्षांतही ती स्थिति पालटली नाहीं. युरोपीय संघाच्या कायद्यानें तर मनुष्याच्या पेशी, ऊति व त्यांपासून काढलेले पदार्थ प्रसाधनांत घालण्यास मुळांतच मनाई केली आहे. गुलाबाच्या पेशींकडे व्यापारी वळले त्याचें एक कारण हेंही आहे. आणि खुद्द कोरियांत? तेथेंही ह्या कुप्यांची नोंद त्वचेवर लावावयाचें प्रसाधन म्हणून होते, टोचावयाचें औषध म्हणून नव्हे. सुरकुत्या कमी करणाऱ्या घटकांची जी यादी तेथील सरकारनें प्रसिद्ध केली आहे, तींत रेटिनॉल व अॅडिनोसिन हीं जुनीं नांवें आहेत. म्हणजे कोरियाच्या नांवावर आपल्या गांवांत जें टोचलें जातें, त्यास कोरियाच्या कायद्याचाही आधार नाहीं.

मग चेहऱ्यासाठीं कांहींच करूं नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. नीटनेटकें दिसावें, कांति टिकावी, ही इच्छा आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. हळद-दुधाच्या व उटण्याच्या काळींही ती होती. फक्त जें सिद्ध आहे तें आधीं करावें. त्वचेचें अकालीं वृद्धत्व बहुतांशीं उन्हानें येतें. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंड प्रांतांतील नांबूर ह्या गांवीं पंचावन्न वर्षांखालील ९०३ स्त्रीपुरुषांवर साडेचार वर्षें एक प्रयोग झाला. त्यांपैकीं निम्म्यांस उन्हापासून रक्षण करणारा लेप रोज लावावयास सांगितला, व बाकीच्यांस त्यांच्या मर्जीवर सोडलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणें, रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचें वृद्धत्व इतरांपेक्षां २४ टक्के कमी भरलें. दुसरा उपाय 'अ' जीवनसत्त्वाच्या वर्गांतील ट्रेटिनॉइन ह्या औषधाचा. १९८६ सालीं फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उन्हानें जून झालेल्या त्वचेवर त्याचा गुण दाखविला, व तो त्यानंतर वारंवार पडताळला गेला आहे. तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच लावावें. आणि गर्भवती स्त्रीनें अथवा मूल व्हावें अशी इच्छा असलेल्या नवविवाहितेनें तें वापरूं नये, हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं ध्यानांत ठेवावें. ह्या दोन्ही उपायांचा वर्षाचा खर्च कुपीच्या एका बैठकीच्या खर्चापुढें किरकोळ आहे. त्यांत नवलाई नाहीं, म्हणून त्यांची वाखाणणी कोणी करीत नाहीं, इतकेंच.

आपल्या सांवळ्या व गव्हाळ वर्णाच्या लोकांस आणखी एक सूचना अवश्य आहे. आपल्या त्वचेस सुईची, लेसरची अथवा कसलीही इजा झाली, तर बरी होतांना तेथें काळा डाग राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षां अधिक असते. लग्नास पंधरा दिवस राहिले असतां असा प्रयोग करणें म्हणजे डाग घालविण्याच्या निमित्तानें डाग विकत घेण्यासारखें आहे.

येथें एका निराळ्या प्रश्नाचा उल्लेख केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ज्या चेहऱ्यावर सुई फिरवावयाची, त्या चेहऱ्याच्या धनिणीचें मत घेतलें जातें काय? दाखवून घेण्याचा विधि आतां पूर्वीसारखा राहिला नाहीं असें आपण म्हणतों. पण "थोडे डाग तेवढे जाऊं द्यात, मग बघा," हें वाक्य मावशीच्या, आत्याबाईंच्या, कधीं कधीं होणाऱ्या सासूबाईंच्याही तोंडीं अजून येतें, आणि तें मायेनें उच्चारलेलें असलें तरी मुलीच्या मनांत कांट्यासारखें राहतें. मुरुमांच्या खोल खड्ड्यांनीं, भाजल्याच्या वणानें जी मुलगी खरोखर कष्टी आहे, तिला "रूपांत काय आहे" असा उपदेश करणें जसें निर्दय, तसेंच जिची तक्रारच नाहीं तिला तक्रार शिकविणेंही निर्दय. पहिलीस चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें. तिच्यासाठीं पारखलेले उपचार आहेत, आणि त्यांवर खर्च करणें उधळपट्टी नव्हे. दुसरीस तिच्या पाडावर सोडावें. आणि घरांतील कर्त्या पुरुषांनीं "हा बायकांचा विषय" म्हणून केवळ पैसे मोजून मोकळें होऊं नये. औषधाच्या नांवानें घरांत जें येतें, त्याची चौकशी करणें हें कुटुंबाचें काम आहे.

ती चौकशी अवघड नाहीं. कुपी पुढें आली म्हणजे चार प्रश्न विचारावे. हे एक्झोसोम कोणाच्या पेशींचे? ही कुपी लावावयाची म्हणून नोंदलेली आहे कीं टोचावयाची म्हणून? परदेशी माल असल्यास, २०२० च्या प्रसाधन-नियमांप्रमाणें तिच्यावर आयात करणाऱ्याचें नांव, पत्ता व नोंदणीचा क्रमांक आहे काय? आणि जो उपचार करणार, तो नोंदलेला वैद्यकीय पदवीधर आहे काय, व अपाय झाला तर तो कोणाच्या जबाबदारीवर? चारही उत्तरें लेखी मागावीं. जेथें उत्तराऐवजीं सवलतीचा दर सांगितला जाईल, तेथून उठून यावें. टोचण्याच्या बाबतींत तर आजच्या स्थितींत आमचा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. वरून लावण्याचा द्रव कोणास हौसेनें घ्यावयाचाच असेल, तर पैशाखेरीज फारसें कांहीं जाणार नाहीं. मात्र त्याबरोबर उन्हाचा लेप चुकवूं नये, आणि अंगावर फोड अथवा खाज उठली तर तो तत्काळ बंद करावा.

एक्झोसोमचा अभ्यास थांबलेला नाहीं. मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमा, भाजलेली त्वचा, ह्यांवर त्यांचा उपयोग व्हावा म्हणून ठिकठिकाणीं खटपट चालू आहे, आणि त्या कामास यश यावें असें आम्हांस मनापासून वाटतें. ज्यांच्या घरांत एखाद्या वृद्धाच्या पायाची जखम महिनोन् महिने वाहत आहे, त्यांस ह्या संशोधनाची किंमत सांगावयास नको. त्या जखमेसाठीं सुद्धां आज बाजारांतली कुपी आणूं नये. रोजची मलमपट्टी, साखरेवर ताबा व शल्यवैद्याचा सल्ला हाच आजचा मार्ग आहे. मोठ्या संख्येच्या रोग्यांवर, पुरेशा काळपर्यंत, तटस्थ वैद्यांनीं केलेल्या प्रयोगांतून ज्या दिवशीं ह्या पिशव्यांचा गुण सिद्ध होईल, त्या दिवशीं तें वर्तमान वाचकांस ह्याच पानावर आणि आनंदानें सांगूं.